भाऊ, तुझा ढग भरतच राहिला

सुमेधभाऊ,

तुला न्यायच्या आधी तू बोललास. त्या दुपारी घरात बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकलं, आणि त्यातला एकही माणूस आजही माझ्यासमोर तो विषय काढत नाही.

सोनगीरच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत तुला ठेवलं होतं. नशिराबादहून मामा निघाले होते, पण त्यांची गाडी पारोळ्याजवळ बंद पडली होती, म्हणून सगळे थांबले होते. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं होतं. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखा बंद ठेवला होता. उकाडा एवढा की कोणी बोलायलाही तयार नव्हतं. माय तुझ्या उशाशी बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. दूर कुठेतरी तांब्याच्या भांड्यावर ठोके पडत होते, तेवढाच आवाज.

आणि आतल्या खोलीतून तू म्हणालास, "माय, ढग गया. उठाड माले."

तुझाच आवाज. थोडा त्रासलेला, झोपेतून बोलल्यासारखा. शेजारच्या काकूंच्या हातातला पाण्याचा पेला कलंडला. दाराशी बसलेले दोघे उठून उभे राहिले. कोणीतरी आतल्या खोलीकडे बघत म्हणालं, "कोन शे मझार?"

माय उठली. नेहमीसारखे पदराला हात पुसले, ते ओले नव्हते तरी. आणि ती तुझ्यावर वाकली, तुझ्या खांद्याला हात लावला, दोनदा हलवलं. "ऊठ रे बाबा. तुना ढग गया."

तू हललास. म्हणजे तिच्या हाताने हललास. मान किंचित कलली आणि मला क्षणभर, खरं सांगते, वाटलं की आता हा डोळे चोळेल.

मग मी आत पळाले.

*

तो आवाज तूच करून ठेवला होतास. हे घरात आम्हा दोघींना माहीत होतं, बाकी कोणाला नाही. मी त्या माणसांना नंतर समजावून सांगितलं, कोर्टात साक्षीदाराला समजावतात तसं, हळू आणि सोप्या शब्दांत. ते माना हलवत होते. आपले लोक भुताखेतांवर विश्वास ठेवत नाहीत. बाबा होते तेव्हाच त्यांनी ते घरातून हद्दपार केलं होतं. तरी काकू त्यानंतर आल्या की पुढच्या दारातूनच परत जातात.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून तू रक्ताचा आजार घेऊन गावी आलास, तेव्हा उपचार करून थकला होतास. "आता घरी राहतो," म्हणालास. मला वाटलं, विश्रांतीला आलास. तू आणलंस काय, तर लॅपटॉप आणि एक छोटा स्पीकर. मागच्या खोलीच्या खिडकीला, जिथून किल्ल्याची टेकडी दिसायची, तिथे जाड पडदा लावलास, कारण उजेडात लॅपटॉपच्या पडद्यावरचं तुला दिसत नव्हतं. तिथून तू पुण्यातली पेटी चालवायचास. पेटी म्हणजे काचेची, आतली हवा पार काढून घेतलेली. तिच्यात रुबिडियम नावाच्या धातूचे थोडे अणू, चारी बाजूंनी लेसरने दाबून गार केलेले. किती गार, ते तू मायला सांगायचा प्रयत्न केला होतास. फैजपूरच्या कॉलेजात शिकवत होतास तेव्हा आम्ही दोघी भर उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो होतो आणि तू आम्हाला केळी पिकवायच्या खोलीत नेलं होतंस. दार लागलं तशी माय पदर लपेटून म्हणाली होती, बाई, काय गारठा. त्याची आठवण देऊन तू म्हणालास, "माय, त्या खोलीला या अणूंनी भट्टी म्हटलं असतं."

पडद्यावर ते अणू म्हणजे काळ्या चौकोनात एक राखी डाग. तोच तुझा ढग. येतो, थोडा थरथरतो, नाहीसा होतो. मग नवा भरतो.

"या अणूंवर विजेचा भार नाही," तू मायला म्हणाला होतास. "आम्ही त्यांना उदासीन अणू म्हणतो."

"उदास कसाले शेत?" माय म्हणाली. "मंग हसाड ना त्यास्ले."

तू एवढा हसलास की तुला खोकला आला.

गोळ्यांमुळे तुला गाढ झोप लागायची. पुण्यातला लेसर मध्येच आपल्या ठरलेल्या रंगावरून सुटायचा, ढग नाहीसा व्हायचा, आणि तुला पत्ता नसायचा. म्हणून तू स्वतःच्या आवाजात दोन-तीन वाक्यं बोलून ठेवलीस. तिथलं यंत्र तिथून खूण पाठवायचं आणि इथला स्पीकर बोलायचा. ढग भरत असला की, "भरी ऱ्हायनात." एक फेरी झाली की, "व्हयनं." आणि बिघडलं की ते तिसरं, मायसाठी. ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, तुला हलवायची. तू पडल्या पडल्याच दोन बटणं दाबायचास आणि पुन्हा डोळे मिटायचास.

मी धुळ्याहून रविवारी यायचे. आधी मला त्याची गंमत वाटली. मग राग यायला लागला.

*

आपला वाद तुला आठवतो का? तुला सगळा आठवत असणार. मला तो पुन्हा मांडायचाय, कारण तो अर्ध्यावर राहिला.

जगात बहुतेक ठिकाणी एका अणूवर एक क्युबिट ठेवतात, असं तू सांगितलंस. क्युबिट म्हणजे नव्या प्रकारच्या संगणकातला सर्वांत लहान दाणा, जो शून्यही असू शकतो, एकही, आणि दोन्ही मिळूनही. पण एकटा अणू निसटला तर सगळंच गेलं. तुझं म्हणणं, शे-दोनशे अणूंचा पुंजका घ्यायचा आणि सगळ्यांवर मिळून एकच क्युबिट ठेवायचा. लेसर टाकला की त्यातला एक अणू फुगतो, आणि तो फुगला की शेजारच्या कोणालाच फुगू देत नाही. म्हणजे सगळ्या पुंजक्यात फुगलेला एकच.

"कोणता?" मी विचारलं.

"ते ठरलेलं नाही."

"ठरलेलं नाही, की आपल्याला माहीत नाही?"

"ठरलेलंच नाही, वकीलसाहेब. सगळ्यांमध्ये मिळून एक."

"म्हणजे सामाईक सातबारा," मी म्हणाले. माझ्याकडे अर्धे खटले त्याचेच असतात. चार भावांच्या नावावर जमीन, आणि कोणता तुकडा कोणाचा हे कागदावर कुठेच नाही.

तू उठून बसलास. "अगदी बरोबर!"

"मग मोजणी मागवू."

"मोजणी केलीस की वाटणी होऊन जाते. एकाकडेच सापडतं आणि सामाईक मोडतं."

"ज्याच्याकडे सापडलं त्याच्याकडे ते आधीपासून होतं."

"नव्हतं."

"मग त्या बिचाऱ्याला आरोपी कशाला करता?"

तू हसत होतास. मी नव्हते. मला तेव्हाही ते ऐकून अंगावर काटा आला होता, भाऊ. एक गोष्ट आहे, खरोखर आहे, पण ती कोणाकडे आहे असं विचारलं की कोणाकडेच नाही. आणि बघायला गेलं की मरते. असल्या गोष्टीबरोबर तू दिवसभर पडदे लावून बसायचास.

मग मी ते विचारलं, जे विचारायचं नव्हतं. "आणि त्यातला एक गेला तर?"

आपण दोघंही अणूंबद्दलच बोलत होतो, असं दोघांनीही दाखवलं.

"एक गेला तरी उरलेल्यांकडे ते असतं," तू म्हणालास. "जवळजवळ सगळं."

"जवळजवळ म्हणजे किती?"

"तेच तर मोजतोय."

पुढच्या रविवारी मी भांडले. मुंबईला आणखी एका डॉक्टरांना दाखवायचं मी ठरवून आले होते, गाडीही सांगितली होती, आणि तू नाही म्हणालास. प्रयोगाची मोठी रांग लावली होतीस: पुंजक्यातले अणू मुद्दाम थोडे थोडे काढायचे आणि दरवेळी बघायचं, ते सामाईक टिकतं का. ते सोडून तुला जायचं नव्हतं. मी म्हणाले, "माणसं कमी करून घर टिकतं का हे बघायला एवढा खर्च कशाला? मला विचार." तुझा चेहरा उतरला. माय दारात उभी होती. मी आणखी बोलणार होते, पण तू हात जोडलेस आणि म्हणालास, "साहेब, पुढची तारीख द्या."

ती तारीख लागलीच नाही. त्या आठवड्यात, दुपारी जेवण झाल्यावर, तू झोपलास. माय सांगते, स्पीकर म्हणाला "व्हयनं" आणि तिने आत डोकावलं.

*

अंत्यविधी झाला तरी तू बोलतच होतास.

मी लॅपटॉपसमोर उभी राहिले तेव्हा पडद्यावर ढग परत आला होता, कोणीही काही न करता. कोपऱ्यात तुझं नाव होतं आणि नावापुढे हिरवा ठिपका. त्याचा अर्थ मला नंतर कळला: यंत्राच्या लेखी तू कामावर हजर होतास. मी स्पीकरची वायर हातात धरली.

"नको काढू," माय मागून म्हणाली.

"माय, लोक घाबरताहेत."

"घाबरू दे. तो काय कोनाले खाई ऱ्हायना का?"

मी पुण्याला अनघाला फोन लावला. तुझी विद्यार्थिनी, तुझ्या आजारपणात तिथली पेटी तीच सांभाळत होती. विधीला आली होती, कोपऱ्यात उभी राहून रडून परत गेली होती. मी म्हणाले, ते बंद कर. ती म्हणाली, "करते, ताई." मग म्हणाली, "एक सांगू? सरांनी लावलेली रांग अजून अर्धी बाकी आहे. ही पेटी आता दुसऱ्या इमारतीत हलवणार आहेत. एकदा सुटी केली की पुन्हा अशी जुळायला फार काळ जाईल. लेसर सुटला तर मी इथून बघून घेईन. फक्त चालू राहू द्या. पण तुम्ही म्हणाल तसं."

मी फोन मायकडे दिला. मला वाटलं होतं ती गोंधळेल. तिने विचारलं, "त्यानं काम शे ना ते?" अनघा काहीतरी म्हणाली. "मंग अर्धं कसाले सोडानं?"

आणि खटला निकाली निघाला. माझं म्हणणं कोणी ऐकूनही घेतलं नाही.

मी कोर्टातून रजा घेऊन राहिले. ते दिवस कसे गेले हे तुला सांगायला दुसरं कोणी नाही. घर आवरलेलं, माणसं पांगलेली, बाहेर कडक ऊन आणि मागच्या खोलीत भर दुपारचा काळोख. त्यातून मधूनच तू. "भरी ऱ्हायनात." माय भाकरी थापता थापता "हाव" म्हणायची. एकदा ती तुझ्या दाराशी उभी राहून म्हणाली, "जेवाले येस का?" तिच्या तोंडून सवयीने निघालं, आणि निघाल्यावर ती स्वतःच दचकली. तेवढ्यात आतून आलं, "भरी ऱ्हायनात." म्हणजे अजून वेळ आहे. तिने ताट झाकून ठेवलं. मी बघत होते. ते संध्याकाळपर्यंत तसंच झाकलेलं होतं, आणि मला ते उचलायचा धीर झाला नाही.

लेसर सुटला की ती आत जायची. रिकाम्या खाटेकडे बघायची, आणि मग मला नंबर लावायला सांगायची. "बाई, ढग गया वं," ती अनघाला सांगायची. अनघाला ते आधीच कळलेलं असायचं, तिच्या फोनवरही खूण जायची. तिने मायला एकदाही तसं सांगितलं नाही. दरवेळी म्हणायची, "बरं झालं आजी, तुम्ही सांगितलंत. लगेच बघते." मग दोघी थांबायच्या, फोन चालू ठेवून, आणि इथे पडद्यावर राखी डाग उगवला की माय म्हणायची, "उना, उना." आला, आला.

एका दुपारी माय विहारात गेली होती आणि मी एकटी होते. मी पुढच्या खोलीत एका दाव्याचे कागद वाचत होते. तू म्हणालास, "व्हयनं." मी कागदावरून मान न उचलता म्हणाले, "बरं."

मग आपण कोणाला उत्तर दिलं ते लक्षात आलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन उन्हात बसले. मी धुळ्याच्या कोर्टात खुनाच्या केसमध्ये उलटतपास घेतलेला आहे, भाऊ. त्या दुपारी आत जायला मला मायची वाट बघावी लागली.

भीती तुझ्या आवाजाची नव्हती. तो ऐकून मला बरं वाटत होतं, आणि भीती त्याचीच होती.

*

रांग संपायला आली तसा अनघाचा फोन आला. ती मायशी बोलली आणि मग मला म्हणाली, "ताई, सरांचा आणि तुमचा काही वाद होता ना? सर सांगायचे. म्हणून आधी तुम्हाला सांगते."

मी ओट्यावर जाऊन बसले.

तिने सांगितलं की पुंजक्यातून अणू काढत गेलं तरी ते सामाईक टिकतं. एक गेला तर जवळजवळ काहीच बिघडत नाही. पुष्कळ गेले की मग कमजोर होतं, पण एकदम मोडत नाही. तुझंच बरोबर निघालं.

"पण एक होतं," ती म्हणाली. "दरवेळी अणू कमी झाले की उरलेल्यांची चाल मंदावते. सगळे मिळून ज्या वेगाने झुलतात, तो वेग किती जण आहेत त्यावर असतो. म्हणजे आधी जेवढा वेळ पुरायचा, तेवढ्यात काम होत नाही. अर्धवटच राहतं. आणि मग वाटतं की सगळं गेलं. पण गेलेलं नसतं. वेळ नव्याने लावून घ्यावी लागते."

"मग तू लावून घेतलीस?"

"मला लावावी लागलीच नाही. सरांनी प्रत्येक टप्प्यापुढे नवीन वेळ आधीच घालून ठेवली होती."

मी तिला ते विचारलं, जे तुला विचारायचं राहून गेलं होतं. "आणि जे काढले, ते कुठे जातात?"

माझा प्रश्न तिला बालिश वाटला असेल. "कुठे जाणार, ताई? काचेला जाऊन चिकटतात. पेटीतच असतात. फक्त आम्हाला दिसत नाहीत."

मी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. समोर किल्ल्याच्या टेकडीवर ऊन तापलं होतं. महामार्गावरून ट्रक जात होते. मला त्या रविवारचं उरलेलं बोलणं तिथे बसून तुला सांगायचं होतं: की मी मुंबईची गाडी सांगितली ती तुला वाचवायला कमी आणि माझ्यासाठी जास्त होती, की तू पडद्यांआड बसून आमच्यापासून दूर चाललायस असं मला वाटत होतं, आणि तू तिथे बसून जे करत होतास ते मला आज एका परक्या मुलीकडून कळलं. तू हरलेला वाद कधी मान्य करायचा नाहीस. मीही करत नाही. तुझं म्हणणं टिकलं, पण "जवळजवळ" या शब्दावर मी अजून अडून आहे. या घरात त्या शब्दाचा अर्थ माय आणि मी रोज बघतो.

*

तुझ्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आलेली माणसं जेवून गेली. नशिराबादची शेवटची बस चुकू नये म्हणून मामा दुपारीच निघाले. भांडी पालथी घालून माय आणि मी मागच्या खोलीच्या उंबऱ्याजवळ जमिनीवरच टेकलो होतो. तिच्या पायाला गोळे येत होते, मी तेल लावत होते. पडद्यावर ढग आला, थरथरला, गेला. तू म्हणालास, "व्हयनं."

आम्ही नव्या ढगाची वाट बघत राहिलो. चौकोन काळाच राहिला. माय म्हणाली, "लाव ना फोन." मी फोन शोधायला उठले.

तेव्हा तू बोललास, आणि ते वाक्य आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.

"बठ्ठं व्हयनं. माय, मी झोपस आते."

आवाज इतर वाक्यांपेक्षा खालचा होता. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज होता, म्हणजे तू हे बोलत होतास तेव्हा माय स्वयंपाकघरात होती आणि तू तिला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू बोलत होतास. अनघाने नंतर सांगितलं: रांगेतलं सगळं संपलं की वाजायचं ते वाक्य. तू जिवंत असताना रांग कधी संपलीच नाही, तू आधीच पुढचं काम लावायचास. ते तू गंमत म्हणून बोलून ठेवलंस की जाणून, हे मी तिला विचारलं नाही. तुला विचारायची सोय नाही.

पडद्यावरचा तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

मी मायकडे बघितलं. तुला नेलं तेव्हा ती रडली नव्हती, कोणी गळ्यात पडलं तरी रडली नव्हती. लोक म्हणत होते, हिला रडवा, नाहीतर हिच्या डोक्यावर परिणाम होईल. ती भिंतीला धरून उठली. खाटेपाशी गेली. चादर झटकली, उशी सारखी केली, जिथे तुझा खांदा असायचा तिथे हात ठेवला. हलवला नाही, नुसता ठेवला. मग लॅपटॉप हळूच मिटला, आवाज होऊ न देता, लहान मूल झोपलेल्या खोलीचं दार ओढतात तसा.

"झोप रे मना लेकरा," ती म्हणाली. "आते तुले कोनी उठाडाव नही."

आणि मग ती खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली.